गार्डबाबांची दारफाळणी

शालोम वाकरूळकरांनी उभ्या आयुष्यात ड्यूटीची एकही गाडी चुकवली नाही, आणि डाळीला नाव ठेवायची संधीही कधी चुकवली नाही. रेल्वेत गार्ड म्हणून नोकरी झाली, दौंडला स्टेशनामागच्या भाड्याच्या दोन खोल्यांत संसार झाला, आणि रोज पहिला घास घेतला की ते बायकोला विचारायचे, "मिल्का, यातली डाळ कुठल्या स्टेशनला उतरली?" मिल्काबाई म्हणायच्या, "गार्ड तुम्ही. तुम्हालाच ठाऊक." एवढं बोलून झालं की दोघं निवांत जेवायची.

वर्षातून एकदा मात्र या बोलण्याची फेड व्हायची. वाकरूळकर बेने इस्राएल, म्हणजे कोकणातून वर आलेले ज्यू. घरात बोलणं मराठी, शुक्रवारी सांजेला पेल्यात पाण्यावर तेल घालून दिवा, शनिवारी विस्तवाला हात नाही. आणि भाद्रपदाच्या सुमाराला दारफाळणीचा सण. त्या दिवशी पांढरे कपडे घालून घराचं दार आतून लावायचं. आदल्या संध्याकाळपासून दुसऱ्या दिवशी तीन तारे दिसेपर्यंत अन्न नाही, पाणी नाही, आणि शालोमच्या वडिलांच्या कडक रितीप्रमाणं दाराबाहेरच्या माणसाशी एक शब्दही नाही. त्या दिवशी देव वर्षाचा निवाडा करतो, आणि गेलेली माणसं घरी भेटायला येतात. पण दार लावायच्या आधी, ज्यांना ज्यांना दुखवलं असेल त्यांच्याकडं स्वतः जाऊन माफी मागायची असते, कारण माणसाचा अपराध देव परस्पर माफ करत नाही. म्हणून दरवर्षी शालोम मिल्काबाईंपुढं उभे राहायचे आणि म्हणायचे, "वर्षभर डाळीला नावं ठेवली, माफ कर." ती म्हणायची, "केलं. परवापासून ठेवा पुन्हा."

यंदाच्या उन्हाळ्यात एका रात्री शालोमनी नेहमीप्रमाणं डाळीचं स्टेशन विचारलं. मिल्काबाईंनी उत्तर दिलं नाही. दमलेय म्हणाल्या आणि लवकर निजल्या. सकाळी उठल्याच नाहीत, आणि त्या शेवटच्या प्रश्नाची माफी शालोमच्या गळ्यात अडकून राहिली.

मुलगा इस्राएलमध्ये होता. 'बाबा, इकडं या' म्हणून मागं लागला होता. पण मिल्का पुण्याच्या कबरस्तानात, आणि तिला इथं ठेवून आपण विमानात बसायचं, हे काही शालोमना जमेना. म्हातारपणी एकट्याच्यानं चूलही पेटेना. शेवटी पाटस रस्त्यावरच्या वृद्धाश्रमात त्यांनी खाट धरली. येताना ट्रंक आणली, पांढऱ्या कपड्यांचा जोड आणला, आणि मिल्काची वेताची खुर्ची आणली. दाराच्या चौकटीवर आपल्या धर्माची, आत देवाचं वचन ठेवलेली छोटी नळी ठोकली. आश्रमातल्या लोकांनी ती पहिले आठ दिवस थर्मामीटर समजून रोज वाचायचा प्रयत्न केला.

खोलीत दुसरी खाट कोंडिबाची. खुटबावचा धनगर, मेंढरं गेली, पोरं शेतीला लागली, आणि सुनेशी पटेना म्हणून इथं आलेला. माणूस प्रेमळ, पण खोटं बोलताना त्याची जीभ खऱ्यापेक्षा सरळ चालायची. दोघांचं मेतकूट लगेच जमलं. आश्रम सगळा शालोमना 'गार्डबाबा' म्हणायला लागला तो कोंडिबामुळंच.

दारफाळणी जवळ आली तशी शालोमना एकच काळजी लागली. मिल्का येणार कुठं? तिनं हा आश्रम कधी बघितलेलाच नाही. ती सरळ जुन्या घरी जाणार, तिथं परकी माणसं बघून आल्या पावली परत फिरणार, आणि माफी पुन्हा एक वर्ष लांबणीवर पडणार. आपलं वर्ष उरलंय की नाही, याचीही त्यांना खात्री नव्हती. मग एके दिवशी काठी घेऊन ते स्टेशनामागं गेले आणि जुन्या दारासमोर उभं राहून चौकटीला हळू आवाजात नवा पत्ता सांगू लागले.

आतून गिताबाई बाहेर आली. तिचा नवरा रेल्वेत सांधेवाला, घर आता त्यांच्याकडं होतं. म्हातारा भिंतीशी बोलतोय हे बघून तिनं आधी पाण्याचा तांब्या आणून दिला आणि मग विचारलं, "बाबा, कुनाला सांगताय?"

शालोम ओशाळले. पण तांब्यातलं पाणी पिऊन त्यांनी खरं काय ते सांगून टाकलं.

गिताबाईला त्यात नवल वाटलं नाही. "आमच्यात बी येत्यात की पितरं. पुनव झाली की पंधरवडा लागतोच. तुमच्यातली जरा आधी निघत्यात म्हनायची. काळजी करू नगा. त्या हिकडं आल्या तर म्या सांगते त्यांला पत्ता. पाटस रस्ता, फाटक वलांडलं की डाव्या अंगाला. बरोबर न्हवं?"

"बरोबर," शालोम म्हणाले. "गार्डाची बायको आहे. एकदा सांगितलं की चुकायची नाही."

सणाच्या आदल्या दिवशी दुपारी आश्रमाच्या पंगतीत डाळ आली. आश्रम शिरूरच्या एका शेटच्या ट्रस्टचा. शेटना काटकसरीची भारी आवड, आणि व्यवस्थापक बबनरावांनी ती आवड सगळी डाळीवर भागवलेली. बबनराव तसे वाईट नव्हते, पण शेटच्या जीपचा आवाज आला तरी त्यांची टोपी वाकडी व्हायची. शालोमनी वाटीत बघितलं, वाटीनं शालोमकडं बघितलं, आणि सवयीनं त्यांच्या तोंडून निघून गेलं, "धुरपदाबाई, यातली डाळ कुठल्या स्टेशनला उतरली?" सगळी पंगत हसली. स्वयंपाकीण धुरपदा पळी आपटून आत गेली. शालोमच्या घशाखाली मग घास उतरला नाही. हा प्रश्न पुन्हा विचारायचा नाही, असं त्यांनी उन्हाळ्यातच ठरवलं होतं.

संध्याकाळी त्यांनी आंघोळ केली. पांढरा लेंगा, पांढरा सदरा, पांढरी टोपी घातली आणि आश्रमभर माफी मागत फिरले. ही गोष्ट त्यांच्या घरी जितकी साधी होती तितकी ती आश्रमात साधी नव्हती, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

"धुरपदाबाई, डाळीवरून बोललो. पोटात ठेवू नका."

धुरपदानं त्यांच्या पांढऱ्या कपड्यांकडं बघितलं आणि पदर तोंडाला लावला. 

"बन्सी, तुझ्या विड्यांवरून मी फार कटकट केली. माफ कर."

बन्सी पाबळचा, बौद्ध, भूमिहीनांच्या सत्याग्रहात तुरुंग बघून आलेला. तो विडी विझवून उभाच राहिला. "गार्डबाबा, निघालाय कुठं?"

"कुठं नाही. आता दार लावून घेणार. अन्नपाणी बंद."

पुढचं सगळं नीट समजावून सांगायचं म्हणून ते बबनरावांकडं गेले. पण आश्रमात गणपती बसलेला, आरतीची वेळ झालेली, आणि बबनराव कापूर शोधत होते. "चुकलंमाकलं माफ करा. माझ्यासाठी काही पाठवू नका," एवढं शालोम म्हणाले. बबनराव "बरं बरं, सावकाश" म्हणाले. तेवढ्यात झांजा सुरू झाल्या, आणि समजावून सांगायचं राहून गेलं. शालोमनी मनाशी म्हटलं, कोंडिबाला सगळं सांगितलंय, तो सांगेल.

कोंडिबाला खरोखरच सगळं सांगितलेलं होतं. एक दिवसासाठी खोली सोडायची म्हणून त्यानं घोंगडं उचललं आणि दाराबाहेर पसरलं. शालोमनी खिडकीशी मिल्काची वेताची खुर्ची ठेवली, पेल्यातला दिवा लावला, झालरीची शाल खांद्यावर घेतली, आणि आतून कडी घातली.

सकाळी धुरपदा चहा घेऊन आली. तिनं कडी वाजवली, हाका मारल्या. आत शालोम हिब्रू प्रार्थनेचं पुस्तक उघडून बसले होते. ते कोंडिबाच्या एका वाक्याची वाट बघत राहिले. 'त्यांचा सण हाय', बस, एवढंच.

"बाबा च्या घ्यायचे न्हाईत," कोंडिबाचा आवाज आला. "जेवायचे बी न्हाईत."

"का?"

कोंडिबानं घसा खाकरला. लबाडी सुरू करायच्या आधीचा तो आवाज शालोमच्या ओळखीचा होता.

"म्या लहान तोंडी कशाला सांगू, धुरपदाबाई. काल दुपारी पंगतीत काय झालं त्ये तुमीच आठवा."

धुरपदानं कपबशी तिथंच उंबऱ्याशी ठेवली. ती गेली आणि बबनरावांना घेऊन आली. मग हळूहळू अख्खा आश्रम व्हरांड्यात गोळा झाला. ज्यानं त्यानं आपापली आठवण काढली. बाबांनी माझी पण माफी मागितली. माझी पण. पांढरे कपडे, डोक्यावर टोपी. निरोपच घेतला म्हणायचा माणसानं. बन्सीनं सगळं ऐकून घेतलं आणि जाणत्या माणसाच्या गंभीरपणानं निकाल दिला.

"ह्ये उपोषण हाय. आन् मरेपातूर हाय."

बबनराव भिंतीला टेकले. आणीबाणी लागून तीन महिनेही झाले नव्हते. गावात दोन माणसं पानाच्या ठेल्यावर मोठ्यानं बोलली तरी तिसरा रस्ता बदलायचा, आणि इथं त्यांच्या आश्रमात आमरण उपोषण. "बाबा," ते दाराच्या फटीला तोंड लावून म्हणाले, "आपण घरातली माणसं. वर कळलं तर मला आत टाकतील हो. काय पाहिजे ते बोला."

शालोमना म्हणायचं होतं, 'काही नको, फक्त गप्प बसा.' पण शब्द काढायचा नव्हता. त्यांनी ओठ घट्ट मिटले आणि पान उलटलं.

"त्ये तुमच्याशी बोलायचे न्हाईत," कोंडिबा म्हणाला. "मला सांगून ठिवलंय त्यांनी. पयली गोष्ट, डाळीला लसणाची फोडनी."

आत शालोमनी कपाळाला हात लावला. आज देवानं वर्षाचं पुस्तक उघडलेलं, एकेकाच्या नावापुढं लिहिणं चाललेलं, आणि दाराबाहेर त्यांच्या नावावर लबाडीवर लबाडी चढत होती.

"देतो. लसूण देतो," बबनराव म्हणाले.

"दुसरी गोष्ट, आठवड्यातनं एकदा शिरा. तिसरी, नवी चादर."

"बाबांना?"

"बाबांच्या शेजारच्या खाटंला. त्याला थंडी वाजती त्ये बाबांना बघवत न्हाई."

बन्सी मात्र मनापासून कामाला लागला. एकट्या म्हाताऱ्याला उपाशी सोडायचं नाही, आपणही साथ द्यायची, असं त्यानं सगळ्यांना पटवलं. साथीचा प्रकारही त्यानंच ठरवला, साखळी उपोषण. न्याहारी झाल्यापासून दुपारच्या जेवणापर्यंत कुणी काही खायचं नाही. आश्रमात या वेळात खायला तसंही कधी काही मिळत नसे, त्यामुळं एकही जण फुटला नाही. मग घोषणा द्यायच्या ठरल्या. पण आणीबाणी असल्यामुळं त्या कुजबुजत दिल्या. "गार्डबाबा झिंदाबाद," असं पंधरावीस म्हातारी माणसं दारापाशी तोंड आणून कानात सांगितल्यासारखं म्हणत होती. शालोमना हसूही येत होतं आणि रडूही. ते खिडकीजवळच्या खुर्चीकडं बघत राहिले. खुर्ची रिकामी होती.

मिल्काला कलकल खपायची नाही. ज्या घरात वाद चाललाय त्या घराच्या पायरीवरून परत फिरायची तिची रीत. एवढ्या गर्दीतून, चपलांच्या ढिगाऱ्यातून, तिनं यावं तरी कसं?

दुपारी बबनरावांनी साजूक तुपातला शिरा करवला आणि ताटली उंबऱ्याशी ठेवून वर्तमानपत्रानं वास आत ढकलला. वेलदोड्याचा वास खोलीभर झाला. शालोमनी शाल डोक्यावरून ओढली आणि प्रार्थनेचा आवाज मनातल्या मनात वाढवला. बाहेर कोंडिबा म्हणाला, "बाबा शिवणार न्हाईत. पन अन्नाचा अपमान नको," आणि चमच्याचा आवाज आला. मग बाकीच्यांनाही शिरा वाटला. अशी न्याहारी ते जेवण, जेवण ते चहा करत साखळी बिनबोभाट पुढं चालली होती.

ऊन कललं. तहानेनं शालोमची जीभ टाळूला चिकटली. पुस्तक मांडीवर ठेवून ते जरा टेकले आणि त्यांचा डोळा लागला. आतला पान उलटायचा आवाजही थांबला, आणि तेवढ्यानं बाहेरचं रूपच पालटलं.

"बाबा, नुसतं हूं म्हणा," बबनराव दार ठोकत होते. शालोम जागे झाले. हूं म्हणजे शब्द का? त्यांना ठरवता येईना.

"गेले," धुरपदा म्हणाली, आणि तिथंच बसून तिनं रडायला सुरुवात केली. "माझ्या डाळीपायी गेलं म्हातारं."

आता कोंडिबा घाबरला. "अवं, रडू नगा. मेले न्हाईत त्ये. आज त्यांचा सण हाय सण. दार लावून बसायचा. डाळीचं म्याच म्हनलो."

सकाळपासून या एका वाक्यासाठी शालोमनी कान टवकारले होते. आता ते आलं आणि कुणी त्यावर विश्वासच ठेवला नाही. "उपाशी बसून दार लावायचा कुठं सण असतो का?" बबनराव ओरडले. "लबाडा, माणूस आत मेलाय आणि तू सण सांगतोस?" त्यांनी भांडगावच्या रखमाजी सुताराला बोलवायला पाठवलं. तो जवळच एका घराचं काम करत होता, लगेच हत्यारं घेऊन आला.

शालोम उभे राहिले. दार उघडलं तर सगळंच संपलं. मिल्का अजून आलेली नाही, आणि उघड्या दाराच्या, माणसांनी भरलेल्या खोलीत ती येणारही नाही. बाहेरच्यांशी बोलायचं नाही. पण देवाशी मोठ्यानं बोलायला कुठली बंदी? त्यांनी छाती भरून घेतली आणि गाडी सोडताना जसा आवाज लावायचे तसा लावून देव एकच असल्याची हिब्रू प्रार्थना म्हटली, "शेमा इस्राएल, अडोनाय एलोहेनू, अडोनाय एहाद."

बाहेर धुरपदाचं रडणं थांबलं.

"जिवंत हायेत," बन्सी म्हणाला.

"हायेत, पन वात झाला," धुरपदा म्हणाली. "काय बरळत्यात बघा. उपाशी माणसाच्या डोक्यात वात जातो."

शालोमनी आणखी मोठ्यानं म्हटलं. त्यावर बबनराव म्हणाले, "वाढत चाललाय. रखमाजी, बिजागरीच काढ." लोखंडाला लोखंड लागल्याचा आवाज आला आणि पहिला स्क्रू फिरला.

तेवढ्यात दार आतल्या बाजूला जरासं दबलं. बन्सी पाठ लावून दाराशी बसला होता. "सत्याग्रही माणसाचं दार फोडायचं नसतं," तो म्हणाला. "साहेबाच्या राज्यात बी कुनी फोडलं न्हाई. त्याला उघडायचं असंल तवा उघडंल. सुतारदादा, स्क्रू काढायचा तर आधी मला काढा."

रखमाजी हत्यार खाली ठेवून खिशात विडीचं थोटूक शोधू लागला. बबनराव बन्सीला हात जोडू लागले. कोंडिबा गणपतीची शपथ घेऊन खरं सांगू लागला, आणि धुरपदा रडता रडता त्याला शिव्या देऊ लागली. शालोमनी डोळे मिटले. खिडकीतलं ऊन खुर्चीवरून उतरून भिंतीवर गेलं होतं. दिवस संपत आला होता. त्यांना वाटलं, ही यायची नाही आता. जुन्या घरी जाऊन परत गेली असणार.

आणि त्याच गोंधळात एक नवा आवाज आला. "गार्डबाबांची खोली हीच का?"

गिताबाई होती. लांबून चालत आलेली, धाप लागलेली.

"तुम्ही कोण?" बबनरावांनी विचारलं.

"म्या त्यांच्या जुन्या घरात ऱ्हाती. त्यांला एक निरोप द्यायचाय."

"ते बोलत नाहीत."

"त्ये कशाला बोलत्याल? आज त्यांचा दार लावायचा सण हाय न्हवं? त्यांची मेलेली मालकीन आज भेटाया येती. तुमाला कुनी सांगितलं न्हाई व्हय?"

कोंडिबा हळूच म्हणाला, "म्या कवाधरनं सांगतोय." पण त्याच्याकडं कुणी बघितलं नाही. गिताबाई बन्सीच्या डोक्यावरून वाकली आणि दाराला तोंड लावून, शेजारणीशी बोलावं तसं बोलू लागली.

"बाबा, तुमी बोलू नगा, नुसतं आयका. म्या काल सांजंपास्नं दार सताड उघडं टाकून बसले व्हते. मालकांला बी म्हनलं, आज डब्बा घिऊन जा, मला उठाया यायचं न्हाई. आता दिस मावळाया आला तवा शेजारनीला बसवून आले. मालकीनबाई माझ्याकडं आल्या न्हाईत. एकदा बी न्हाईत. म्हंजी त्या थेट हिकडंच आल्या असत्याल. त्यांला पत्ता ठावं व्हता."

मग एकेकानं चपला उचलून हातात घेतल्याचे आवाज आले, आणि पावलं हलकी हलकी लांब गेली. बबनराव सगळ्यात शेवटी गेले. जाताना त्यांनी सुताराला खूण करून तो एक स्क्रू पुन्हा बसवून घेतला, तोही हातानंच, आवाज न करता. धुरपदाचं रडणं पदरात गेलं. आश्रमाच्या गणपतीपुढं त्या दिवशी झांजा वाजल्या नाहीत. आरती तोंडातल्या तोंडात म्हटली गेली.

खोलीत इतकी शांतता झाली की पेल्यातल्या दिव्याची वात तडतडलेली ऐकू आली. शालोम वेताच्या खुर्चीसमोर उभे राहिले. खुर्ची सकाळसारखीच रिकामी होती, पण आता ती त्यांना रिकामी वाटेना. गळ्यात उन्हाळ्यापासून अडकलेलं सुटून वर आलं आणि डोळ्यांवाटे वाहायला लागलं. हा माणूस स्वतःच्या बायकोच्या मातीलाही रडला नव्हता.

"डाळीला नाव ठेवलं," ते म्हणाले, "माफ कर." आणि तिला उत्तर द्यायला वेळ मिळावा म्हणून ते बराच वेळ तसेच उभे राहिले.

तारे दिसल्यावर बाहेरून कोंडिबाचा कुजबुजता आवाज आला, "बाबा, तीन निघाले. येक जरा बारीक हाय, पन हाय." शालोमनी कडी काढली. भिजवलेल्या मनुकांचं सरबत त्यांनी आधीच करून ठेवलं होतं, ते घोटभर घेतलं आणि व्हरांड्यात आले. सगळे लांब, भिंतीला लागून उभे होते. कोंडिबा घोंगड्यावर मान खाली घालून बसला होता. शालोमनी त्याच्याकडं बघितलं. निवाड्याचं पुस्तक आत्ताच मिटलंय, याची लबाडी नव्या वर्षाच्या हिशेबात धरावी, असं त्यांनी ठरवलं.

"बबनराव," ते म्हणाले, "मी डाळीसाठी उपाशी नव्हतो. ते खोटं होतं. पण डाळ पातळ होती, ते खोटं नव्हतं."

बबनरावांनी टोपी काढून पुन्हा घातली. "बघतो," ते म्हणाले. "शिरूरला शेटना काहीतरी सांगीन."

गिताबाईनं पुढं होऊन दाराकडं बघत हळूच विचारलं, "गेल्या का?"

"नाही. उद्या जातात. उद्या शिळा सण. आज मुक्काम असतो."

हे ऐकून कोंडिबानं घोंगडं पुन्हा दाराबाहेर नीट पसरलं आणि डोक्याखाली हात घेऊन आडवा झाला. धुरपदा आत गेली. बऱ्याच वेळानं ती आली ती दोन ताटं घेऊन. एक तिनं शालोमच्या पुढ्यात ठेवलं, आणि दुसरं खिडकीजवळच्या खुर्चीपुढं. असली काही रीत आपल्यात नाही, हे शालोमच्या ओठांवर आलं होतं. ते त्यांनी गिळलं.

डाळ दाट होती. वर लसणाची फोडणी होती. त्यांनी पहिला घास घेतला. सगळं आयुष्य त्या घासामागून जो प्रश्न यायचा तो आत्ताही जिभेवर आला, आणि दारातली धुरपदा त्याच्यासाठी तयारही होऊन उभी राहिली.

"डाळ चांगली झालीय," शालोम खुर्चीकडं बघून म्हणाले.

"कुठली चांगली?" धुरपदा म्हणाली. "मीठ कमी पडलंय. म्या चाखलीय. उगा बोलू नगा."

"चांगली झालीय," ते पुन्हा म्हणाले, आणि समोरच्या भरल्या ताटाला सोबत करत, सावकाश, शेवटच्या घासापर्यंत जेवले.